खारट आणि क्षार : जास्वंदीची साक्ष

मराठी भाषेंत कांहीं शब्द एका घरीं जन्मून निरनिराळ्या सासरीं नांदावयास गेलेले आढळतात. 'क्षार' हा त्यांतलाच एक होय. संस्कृतांत लवण निराळें आणि क्षार निराळा. लवण म्हणजे मीठ, षड्रसांपैकीं एका रसाचें धनी. क्षार म्हणजे वनस्पतींची राख पाण्यांत कालवून, गाळून, आटवून काढलेला तीक्ष्ण, त्वचा जाळणारा पदार्थ. मराठींत येतां येतां क्षाराचा 'खार' झाला आणि घोटाळ्यास आरंभ झाला. पापडखार हा खरा क्षार. परंतु खारे दाणे, खारवलेली मिरची आणि समुद्राचें खारें पाणी यांत जो गुण आहे तो मिठाचा आहे. त्यांत भर म्हणून आजच्या शालेय पुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या संयोगानें जें निपजतें त्यासच 'क्षार' अशी संज्ञा दिली आहे. म्हणजे आजोबांच्या पोथींतला क्षार एक, आजीच्या डब्यांतला खार दुसरा आणि नातवाच्या पुस्तकांतला क्षार तिसराच! प्रस्तुत लेखांत 'क्षार' हा शब्द मीं जुन्या अर्थानेंच, म्हणजे पापडखार, धुण्याचा सोडा, चुना, राखेचें पाणी या मंडळीस उद्देशून योजला आहे.

हा नुसता शब्दांचा वाद असता तर त्यासाठीं वाचकांस तसदी दिली नसती. परंतु जिव्हेचाही असाच गोंधळ होतो. एखाद्या विहिरीचें पाणी 'खारें' आहे असें आपण म्हणतों तेव्हां त्यांत मीठ आहे कीं क्षार आहे, कीं दोन्हीं आहेत, हें आपली जीभ निश्चयानें सांगूं शकत नाहीं. आणि अनोळखी पाणी जिभेस लावून पाहण्याची पद्धत धोक्याची आहे तें निराळेंच. जें जिभेस साधत नाहीं तें परसांतील जास्वंदीचें फूल बिनचूक करतें. मिठाच्या पाण्यास तें भुलत नाहीं, क्षाराच्या पाण्यास लपूं देत नाहीं. तें कसें, आणि त्याच्या साक्षीवर कोठपर्यंत विसंबावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमचें सुलतानपूर हें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्याचें गांव. मेहकराहून लोणारास जाणारा प्रवासी आमच्या गांवावरूनच पुढें जातो. लोणारचें सरोवर आमच्या इतकें निकट कीं, पाहुणे आले म्हणजे त्यांस तें दाखविणें हा येथें आतिथ्याचाच एक भाग समजला जातो. काळ्या पाषाणांत उल्कापातानें झालेलें हें विवर सुमारें 1.8 किलोमीटर व्यासाचें आहे. तळाशीं पाणी, त्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट नाहीं. पुराणकथा अशी कीं, येथें लवणासुर नांवाचा दैत्य राहत होता व विष्णूनें दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर हेमाडपंती शिल्पाचा उत्तम नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. लवणासुर, लवण, लोणार, अशी नांवाची परंपरा लावतात. आणि येथेंच आमच्या प्रश्नाचा उगम आहे: नांवांत लवण आहे खरें, पण पाण्यांत काय आहे?

अबुल फज्ल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी'त लोणारची नोंद करतांना येथें कांच व साबण करण्यास लागणारें द्रव्य मिळतें आणि त्यापासून सरकारास बरेंच उत्पन्न होतें, असें लिहून ठेविलें आहे. सुज्ञ वाचकाच्या ध्यानांत लगेच येईल कीं, नुसत्या मिठापासून साबण होत नाहीं. साबणास तेल लागतें आणि क्षार लागतो. अर्थात् चारशें वर्षांपूर्वींच्या साबणकारांस हें पाणी नुसतें खारट नव्हे, क्षारयुक्त आहे, हें धंद्याच्या अनुभवानें कळून चुकलें होतें. सोड्याच्या जातीचें हें द्रव्य येथें कां सांचलें, याचें कारण फारसें गूढ नाहीं. भोंवतालचा काळा खडक पावसानें झिजतो, त्यांतील सोडियम, कॅल्शियम इत्यादि द्रव्यें विरघळून तळाशीं येतात. उन्हानें पाणी आटतें. चुन्याचा अंश साका होऊन खालीं बसतो आणि सोडियमचा अंश पाण्यांत राहून वर्षानुवर्षें दाट होत जातो. शास्त्रज्ञांनीं या पाण्याचा सामू 10 च्या आसपास मोजला आहे. सामू म्हणजे आम्लता व क्षारता मोजण्याची फूटपट्टी होय. डेन्मार्कच्या सोरेन्सन नामक रसायनशास्त्रज्ञानें ती 1909 सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सिद्ध केली. 7 हा तिचा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर क्षार. लिंबाचा रस 2 ते अडीच, दूध साडेसहाच्या किंचित वर, खाण्याच्या सोड्याचें पाणी 8 च्या थोडें पुढें, चुन्याची निवळी 12 च्याही पलीकडे. सागराचें पाणी इतकें खारट, पण त्याचा सामू जेमतेम 8. म्हणजे लोणारचें सरोवर सागराचें धाकटें भावंड नव्हे, तें साबणाच्या पाण्याचें थोरलें भावंड आहे.

आतां फुलाकडे वळूं. वनस्पतींचे रंग आम्लाच्या व क्षाराच्या संगतीनें पालटतात, ही गोष्ट युरोपांत प्रथम पद्धतशीर मांडली ती रॉबर्ट बॉइल यानें. 1664 सालीं प्रसिद्ध झालेल्या रंगांवरील आपल्या ग्रंथांत त्यानें 'व्हायोलेट' नांवाच्या जांभळ्या फुलांच्या पाकाचें उदाहरण दिलें आहे. हा पाक त्या काळीं औषधविक्यांकडे सहज मिळे. त्यांत आम्ल घातलें कीं तांबडा, क्षार घातला कीं हिरवा. प्रयोगशाळेंतला लिटमसचा कागदही वनस्पतिकुळांतूनच आलेला आहे. समुद्रकांठच्या खडकांवर वाढणाऱ्या शैवाकांपासून तो रंग काढतात. गोड्या मसाल्यांत आपण जें दगडफूल घालतों तें याच वर्गांतलें, मात्र लिटमस त्याचा नव्हे. नाहींतर मसाल्याचा डबा उघडून कोणी तरी प्रयोगास बसावयाचें!

परंतु मला नेहमीं वाटतें कीं, बॉइलच्या कितीतरी आधीं आपल्या घरांतील बायकांनीं हा चमत्कार पाहिला होता. फक्त त्यास ग्रंथ लाभला नाहीं. वरणाचा हात धोतरास पुसला गेला तर पिवळा डाग पडतो. त्यास साबण लावतांच तो रक्तासारखा तांबडा होतो, नवी सून घाबरते, आणि सासूबाई शांतपणें सांगतात, "अग, घाबरूं नकोस, धुतल्यावर जाईल." साबण धुवून निघाला कीं डाग पुन्हां पिवळा. मुका मार लागला म्हणजे हळद व चुना कालवून लेप देतात, तोही तांबडाच होतो. हळदींतील रंगद्रव्य आम्लांत व साध्या पाण्यांत पिवळें राहतें, क्षारांत तांबूस तपकिरी होतें. हा सारा खेळ साडेसातपासून साडेआठापर्यंतच्या सामूच्या टप्प्यांत उरकतो.

येथें एक भेद सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. रंग पालटला म्हणजे दर्शक सांपडला, असें नाहीं. विड्याच्या पानास कात व चुना लावला कीं तोंड रंगतें. पण त्या रंगलेल्या विड्यावर लिंबू पिळून कात पूर्ववत् होईल काय? होणार नाहीं, कारण क्षाराच्या संगतीनें काताचें हवेंतील प्राणवायूशीं जें नातें जुळतें तें तुटत नाहीं. कुंकवाचेंही थोडें असेंच आहे. जुन्या रीतीनें कुंकू करतांना हळकुंडांस लिंबाचा रस, टाकणखार व तुरटी यांची पुटें देत. लिंबाच्या रसांत हळद पिवळीच राहावयास हवी. ती तांबडी होते याचें कारण टाकणखारांतील बोरॉन हळदीच्या रंगद्रव्याशीं संयोग पावून निराळाच पदार्थ निर्माण करतो. म्हणून तें कुंकू आंबटानें पिवळें पडत नाहीं. (आज बाजारांत मिळणारें पुष्कळसें कुंकू कृत्रिम रंगाचें असतें, त्यास ही परीक्षा लागू नाहीं.) खरा दर्शक जातो तसा परत येतो. क्षारानें हिरवा झालेला आम्लानें पुन्हां तांबडा झाला पाहिजे. हें जाणें-येणें ज्यास साधतें त्यासच साक्षीदार म्हणून उभें करावें.

या कसोटीस माझ्या परसांतील जें जें उतरलें त्यांत जास्वंद व गोकर्ण यांस मी अग्रपूजेचा मान देतों. कृति सोपी आहे. तांबड्या, एकेरी पाकळ्यांच्या जास्वंदीचीं आठ-दहा ताजीं फुलें घ्यावीं. हिरवा देठ व मधला केसरदंड काढून टाकून पाकळ्या कांचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांत घालाव्या आणि बुडतील एवढें कढत पाणी ओतून झांकण घालावें. लोखंडी कढई अथवा तांब्या-पितळेचें भांडें घेऊं नये. पाकळ्यांतील रंगद्रव्याची या धातूंशीं गट्टी जमते, पाणी काळपट निळें पडतें आणि साक्षीदार आधींच फितूर होतो. पंधरा-वीस मिनिटांनीं जांभळट तांबडें पाणी उतरतें. तें गाळून त्यांत कॉफी गाळण्याच्या कागदाच्या किंवा पांढऱ्या टीपकागदाच्या पट्ट्या भिजवाव्या, सावलींत वाळवाव्या, पुन्हां भिजवाव्या, पुन्हां वाळवाव्या. उन्हांत वाळविल्यास रंग उडतो. नुसतें पाणी दोन-तीन दिवसांत आंबून जातें. वाळलेल्या पट्ट्या मात्र घट्ट झांकणाच्या डब्यांत पुष्कळ दिवस टिकतात. गोकर्णाची कृतीही हीच. आपण ज्यास गोकर्ण म्हणतों व संस्कृतांत जिला अपराजिता म्हणतात तिचीं निळीं फुलें वाळवून ठेवलीं तरी चालतात, ही तिची अधिक सोय.

हळदीचें तंत्र किंचित निराळें. तिचा रंग पाण्यांत नीटसा उतरत नाहीं, स्पिरिटांत उतरतो. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटांत ढवळून निवळूं द्यावी व वरच्या पिवळ्या निवळींत पट्ट्या भिजवाव्या. स्पिरिट पेट घेतें, याकरितां हें काम चुलीपासून दूर आणि वडील माणसाच्या देखरेखीखालींच व्हावें. हळद घरीं दळलेली असावी. बाजारी हळदींत कधीं कधीं 'मेटॅनिल यलो' नामक रंगाची भेसळ करतात; तो रंग आपणच एक दर्शक असून तीव्र आम्लांत गुलाबी होतो, आणि मग साक्ष कोणाची ऐकावी असा प्रश्न पडतो.

आतां वाट्या मांडाव्या. माझ्या नातवंडांनीं मागल्या दिवाळीच्या सुटींत अशा अकरा वाट्या ओटीवर मांडल्या होत्या आणि घरांतून प्रत्येकानें एकेक पदार्थ सुचविला होता. लिंबाच्या रसांत जास्वंदीची पट्टी लखलखीत गुलाबी झाली. चिंचेच्या कोळांत व ताकाच्या निवळींतही गुलाबीच, पण फिकी. गोकर्णीची पट्टी लिंबांत जांभळी झाली. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत जास्वंद निळसर हिरवी, धुण्याच्या सोड्यांत व चुन्याच्या निवळींत स्पष्ट हिरवी. राखेच्या पाण्यानें साऱ्यांस चकित केलें. ज्या राखेनें पूर्वीं भांडीं घांसत ती इतकी तीव्र असेल अशी सूनबाईंची कल्पना नव्हती. खरी मौज झाली ती रिठ्याच्या व शिकेकाईच्या पाण्यानें. दोहोंस साबणासारखा फेंस, म्हणून तीं साबणासारखीं क्षारी असणार असा सर्वांचा कौल पडला. पट्टी हिरवी होईना. रिठा किंचित आम्ल, शिकेकाई तर चांगलीच आम्ल! फेंसाचा व क्षाराचा कांहीं संबंध नाहीं, हें त्या दिवशीं जितकें पटलें तितकें वर्गांत फळ्यावर लिहून कधीं पटलें नसतें. केस धुण्यास आपल्या आज्यांनीं साबणापेक्षां शिकेकाई कां पसंत केली असावी, याचाही थोडा उलगडा होतो.

अकरावी वाटी मिठाच्या पाण्याची होती. मीठ आणखी विरघळेना, इतकें तें दाट केलें होतें. पट्टी बुडविली, बाहेर काढली, उजेडांत धरली. रंग होता तसाच. मिठाचें पाणी तिच्या दृष्टीनें साधें पाणीच. या एका वाटीसाठींच हा सारा खटाटोप, असें मी समजतों. कारण खारटपणा आणि क्षारता या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें या वाटीनें नजरेस पडतें.

रंग पाहतांना दोन पथ्यें पाळावीं. एक, दिवसाच्या उजेडांत पाहावा. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशांत हिरवें-निळें ओळखतां येत नाहीं. दुसरें, मिनिटाच्या आंत पाहावा. तीव्र क्षारांत जास्वंदीचें रंगद्रव्य हळूहळू नासतें. हिरवें होतें, मग पिवळें पडतें, आणि पिवळें पडल्यावर लिंबूही त्यास पूर्णपणें परत आणीत नाहीं. साक्षीदारास फार वेळ छळलें तर तो भलतेंच बोलूं लागतो!

अशा पट्ट्या खिशांत घालून मी पुढच्याच आठवड्यांत लोणारास गेलों. सरोवर व त्याचा परिसर हें वन्यजीव अभयारण्य आहे, आणि 2020 सालीं त्याची गणना रामसर पाणथळ स्थळांत झाली आहे. तेथून बाटल्या भरभरून पाणी आणणें योग्य नव्हे. परवानगीच्या वाटेनें कांठापर्यंत जावें, पट्टीचें टोंक ओलें करावें आणि पट्टी परत आणावी, एवढेंच पुरे. प्रथम वरच्या बाजूस धारेवर थांबलों. गोमुखांतून बारमास वाहणारें हें पाणी गोड आहे. हळदीची पट्टी पिवळीच राहिली, जास्वंदीची जराशी निळसर झाली. मग उतरून कमळजादेवीच्या बाजूस कांठाशीं गेलों. हळद क्षणांत तांबूस तपकिरी, जास्वंद हिरवी. धुण्याच्या सोड्याच्या व खाण्याच्या सोड्याच्या वाट्यांतल्या पट्ट्या मीं पुठ्ठ्यावर चिकटवून बरोबर नेल्या होत्या. त्यांच्याशीं ताडून पाहतां सरोवराची पट्टी त्या दोहोंच्या मध्यें बसली. शास्त्रज्ञांचा 10 हा आंकडा आणि माझ्या परसांतील फूल यांचें एकमत झालें. कमळजादेवीच्या जवळ 'सासू-सुनेची विहीर' म्हणून जी सांगतात, तिच्या एका बाजूचें पाणी गोड व दुसऱ्या बाजूचें खारें अशी प्रसिद्धि आहे. कोणती बाजू सासूची व कोणती सुनेची, या वादांत मी पडत नाहीं.

2020 च्या जून महिन्यांत याच सरोवराचें पाणी गुलाबी झालें तेव्हां मोठी खळबळ उडाली होती. वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें. जास्वंद क्षारांत हिरवी व आम्लांत गुलाबी होते हें ज्यांनीं पाठ केलें होतें अशा एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, सरोवर आम्ल झालें काय?" प्रश्न चुकीचा असला तरी मला फार आवडला. तो रंग पाण्याचा नव्हताच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासून असा निष्कर्ष काढला कीं, उन्हाळ्यांत पाणी आटून दाट झाल्यानें खारटपणांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या बळावली व त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगानें पाणी तसें दिसलें. ते जीव खालीं बसतांच पाणी निवळलें. रंग दिसला कीं प्रथम तो कोणाचा हें विचारावें. निळ्या 'कॉर्नफ्लॉवर' फुलांत व तांबड्या गुलाबांत रंगद्रव्य एकच आहे असें जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्श्टेटर यास आढळलें, तेव्हां हा भेद रसांतील आम्ल-क्षारांचा असावा असा त्यानें तर्क केला. पुढें कळलें कीं, त्या निळ्या फुलांत रंगद्रव्याशीं धातूंचे कण बांधले गेले आहेत, हें निळेपणाचें खरें कारण. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्याचाही तर्क जेथें अपुरा पडला तेथें शाळकरी मुलास हंसूं नये.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अकरावा अध्याय क्षारपाकाचा आहे. त्यांत वनस्पतींची राख गाळून मृदु क्षार कसा करावा, आणि भाजलेल्या शंख-शिंपल्यांचा चुना त्यांत घालून तो अधिक तीव्र कसा करावा, हें वर्णिलें आहे. आजचा रसायनशास्त्रज्ञ दाहक क्षार करण्याची जी रीत सांगतो तिचें तत्त्व हेंच. त्याच अध्यायांत एक शंका काढली आहे: आम्लही तीक्ष्ण व क्षारही तीक्ष्ण, मग क्षारानें झालेला दाह आम्लानें कां शमावा? उत्तर असें कीं, क्षार आम्लाशीं मिळाला म्हणजे आपला तीक्ष्णपणा टाकून सौम्य होतो. एकमेकांस मारून दोघेही शांत होतात, हें निरीक्षण त्या काळच्या वैद्यांनीं नोंदवून ठेविलें याचें कौतुक वाटतें. मात्र कौतुक निराळें, अनुकरण निराळें. मुलाच्या डोळ्यांत चुना गेला तर त्यांत आंबट कांहीं घालण्याचा अविचार कोणी करूं नये. भरपूर स्वच्छ पाण्यानें डोळा धूत राहावें व तत्काळ डॉक्टर गांठावा.

आतां, फुलाच्या साक्षीची मर्यादा. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर अंगास पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांतील कितीतरी गांवें त्यांत येतात. तेथल्या एखाद्या विहिरीच्या पाण्यांत पट्टी बुडविली व ती हिरवी झाली नाहीं, म्हणजे पाणी पिण्यास योग्य ठरलें असें समजणें हा घात होय. मीठ तिला दिसत नाहीं हें आपण वर पाहिलेंच; रोगजंतुही दिसत नाहींत, फ्लोराइड दिसत नाहीं. शेताच्या मातीचेंही तसेंच. खारवट जमीन व चोपण जमीन यांस गांवीं पुष्कळदां एकच समजतात, परंतु उपाय निराळे. पहिलींतलें मीठ चांगल्या पाण्यानें झिरपवून काढावें लागतें. दुसरींत सोडियमनें मातीचा कण न् कण चिकट केलेला असतो, तेथें जिप्सम घालावें लागतें. चोपण जमिनीचा सामू साडेआठाच्या वर असतो, म्हणून पावसाच्या पाण्यांत कालवलेल्या मातीच्या निवळींत हळदीची पट्टी ठसठशीत तांबूस झाली तर संशयास जागा आहे एवढें म्हणतां येईल. निकाल देण्याचा अधिकार माती-परीक्षण प्रयोगशाळेचा.

याहून सूक्ष्म अशी एक मर्यादा आहे, आणि लोणारच्या दृष्टीनें ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्षाराची तीव्रता निराळी आणि क्षाराचा सांठा निराळा. चुन्याच्या निवळीचे दोन चमचे एका वाटींत घ्या. दुसऱ्या वाटींत, पेलाभर पाण्यांत पाव चमचा धुण्याचा व पाव चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्या पाण्याचे दोन चमचे घ्या. हें दुसरें मिश्रण सामूच्या दृष्टीनें लोणारच्या पाण्याच्या जवळपास येतें. तीव्रतेंत चुना वरचढ. आतां दोहोंत लिंबाचा रस थेंब थेंब टाका, ढवळा आणि जास्वंदीच्या पट्टीस लावून पाहत जा. ती गुलाबीकडे झुकेपर्यंत चुन्याच्या वाटीस मला आठ-दहा थेंब लागले, सोड्याच्या वाटीस चाळीसच्या आसपास. आणि मध्यें फसफस झाली ती वेगळीच. चुना म्हणजे तापट पण रिकाम्या खिशाचा माणूस. सोडा आवाजानें सौम्य, पण तिजोरी भरलेली.

सरोवरांत पावसाचें व झऱ्यांचें गोडें पाणी येतच असतें. गांवचें सांडपाणी त्यांत उतरतें ही तक्रारही जुनी आहे. बाहेरचें पाणी प्रमाणाबाहेर मिसळूं लागलें तर येथील सूक्ष्म जीवसृष्टि, जी या दाट क्षारजलावांचून इतरत्र सहसा जगत नाहीं, ती धोक्यांत येईल. मग आमची पट्टी हा धोका वेळेवर सांगेल काय? मीं घरीं करून पाहिलें. सोड्याच्या त्या मिश्रणांत तितकेंच पावसाचें पाणी घातलें. पट्टी पूर्वींइतकीच हिरवी! आणखी तितकें घातलें. रंगांत भेद ओळखूं येईना. नातवंडांस पाठ करून उभें केलें, पट्ट्यांची अदलाबदल केली, आणि अस्सल मिश्रणाची पट्टी ओळखण्यास सांगितलें. कोणासही ओळखतां आली नाहीं. सोड्याच्या या जातीचें पाणी पातळ झालें तरी सामू सहजीं खालीं येऊं देत नाहीं. म्हणून ज्यांस सरोवराची काळजी आहे त्यांनीं केवळ सामूचा आंकडा पाहून निश्चिंत होऊं नये. पाण्यांतील क्षाराचा एकूण सांठा दरसाल त्याच ऋतूंत, त्याच ठिकाणीं मोजला गेला पाहिजे, आणि तो मोजण्यास आम्लाचे थेंब मोजण्यापलीकडे फार मोठें तंत्र लागत नाहीं. निम्में पाणी मिसळलेल्या त्या वाटीचेही दोन चमचे घेऊन मीं लिंबाचे थेंब मोजले. रंग तोच होता. थेंब मात्र विसांवर संपले.